दोष फिरता की ठाम? जुन्या वर्कस्टेशनवरच्या युनिक्सचा आढावा

जुने वर्कस्टेशन चालू केले, युनिक्स वर आले, लॉगिन झाले, तासाभराने पडद्यावर ‘पॅनिक’ हा शब्द उमटला आणि सगळे थिजले, की बहुतेकांचा हात आधी कर्नलकडे वळतो. कुणी आवृत्ती बदलतो, कुणी ड्रायव्हर काढून टाकतो, कुणी वैतागून नेटबीएसडीच्या जागी लिनक्स चढवतो. रविवार संपतो, दुखणे तसेच राहते. सनची स्पार्कस्टेशन आणि अल्ट्रा, सिलिकॉन ग्राफिक्सची इंडी आणि ओटू, डिजिटलची अल्फा, शिवाय नव्वदच्या दशकात ज्यांवर लिनक्स किंवा बीएसडी बसवले गेले ते पीसी, ही सगळी यंत्रे आता पंचवीस ते पस्तीस वर्षांची झाली आहेत. त्यांच्या दुखण्यांवर लिहिलेले बहुतेक सल्ले भागांच्या याद्या देतात: रॅम तपासा, केबल तपासा, डिस्क तपासा. यादी चुकीची नसते, पण तिच्यात क्रम नसतो आणि कारणही नसते. माझे म्हणणे असे की ‘कोणता भाग बिघडला’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, यंत्र दर वेळी एकाच जागी कोसळते की जागा बदलते? फिरता दोष बहुधा म्हातारपणाचा असतो. ठाम दोष बहुधा जन्मजात असतो, किंवा सॉफ्टवेअरचा. या ‘बहुधा’ला अपवाद आहेत, आणि त्यांच्याकडे नीट पाहिल्याशिवाय हा नियम वापरू नये.

आधी पॅनिक म्हणजे काय, ते स्पष्ट हवे. कर्नल पॅनिक करते ते जाणूनबुजून. स्वतःच्या हिशेबातली एखादी नोंद जुळत नाही हे त्याच्या लक्षात येते आणि पुढे गेलो तर डिस्कवरचा डेटाही बिघडेल म्हणून ते दुकान बंद करते. रोकड जुळली नाही की कॅशियर काउंटर बंद करतो, तसेच. १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर येणाऱ्या मॅन्युअलमध्ये ‘क्रॅश’ या नावाचे एक पानच होते, यंत्र कोसळले तर काय करावे हे सांगणारे. कोसळणे तेव्हापासून गृहीत धरलेले आहे. पण कॅशियरला तूट संध्याकाळी सात वाजता सापडली, म्हणजे ती सातलाच झाली असे नाही. पॅनिकच्या संदेशात ज्या फंक्शनचे नाव येते ते चूक पकडली गेल्याची जागा सांगते. चूक मिनिटभर आधी, दुसऱ्याच कुठल्या तरी मॉड्यूलने केलेली असू शकते. एका पॅनिकवरून निदान करणारा माणूस म्हणूनच फसतो. किमान तीन पॅनिक हवेत, तेही मजकुरासह. पडद्यावरचा मजकूर रिबूटनंतर जातो, त्यामुळे सीरियल पोर्टला दुसरे यंत्र जोडून ९६०० बॉडवर सगळे नोंदवून ठेवावे. सनच्या यंत्रांवर हे फारच सोपे आहे. कीबोर्ड काढून ठेवला की कन्सोल आपोआप सीरियलवर जातो.

तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की चित्र दिसू लागते. याचा सर्वात जुना आणि अजूनही सर्वात स्वस्त पुरावा नव्वदच्या दशकातल्या लिनक्सवाल्यांनी शोधून ठेवला आहे. कर्नल कंपाइल करताना जीसीसी मधेच ‘सिग्नल ११’ म्हणून मरायचे. पुन्हा मेक दिले की मागची फाइल बिनबोभाट पार व्हायची आणि गाडी दुसऱ्याच फाइलवर अडायची. कंपायलरमध्ये बग असता तर तो त्याच फाइलवर, त्याच ओळीवर पुन्हा भेटला असता. जागा बदलते म्हणजे रॅम, कॅशे, वीज किंवा उष्णता यांपैकी काहीतरी हलते आहे. जीसीसीच का मरायचे, याचेही साधे कारण आहे. ते मेमरीभर पॉइंटरांचे जाळे विणते, आणि पॉइंटरमधला एक बिट उलटला की पत्ता भलतीकडचा होऊन बसतो. चित्राच्या फाइलमधला तोच बिट उलटला असता तर एका ठिपक्याचा रंग किंचित बदलला असता आणि कुणाच्या लक्षातही आले नसते. मेमटेस्ट८६ सारखी साधने उपयोगाची आहेतच, पण मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ चालला आणि कंपाइल मात्र अर्ध्या तासात कोलमडले, असे होऊ शकते. मेमटेस्ट चालू असताना डिस्कवर काम चालू नसते, डीएमए, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत होणारी ने-आण, चालू नसतो, पॉवर सप्लायवर पूर्ण भार नसतो. माझ्या मते कर्नल लागोपाठ दहा वेळा कंपाइल करणे ही यंत्राची खरी परीक्षा.

म्हातारपणाच्या दोषांत सर्वात शिकवणारा नमुना सनच्या एनव्हीरॅम चिपचा आहे. स्पार्कस्टेशन १ आणि २ मध्ये एम४८टी०२, स्पार्कस्टेशन १० आणि २० मध्ये एम४८टी०८ अशी चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते. तिच्यात घड्याळ असते, थोडी मेमरी असते, आणि डोक्यावर टोपीसारख्या काळ्या खोक्यात क्रिस्टल आणि लिथियमची बॅटरी कायमची बंद केलेली असते. बॅटरीचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे. ती संपली की मेमरीतल्या आयडीप्रॉम नावाच्या १६ बाइट्स जातात आणि त्यांच्याबरोबर यंत्राची ओळख जाते. चालू करताना आयडीप्रॉममधला मजकूर अवैध आहे अशा अर्थाची ओळ येते आणि इथरनेटचा पत्ता म्हणून सगळे एफएफ दिसतात. सगळे एफएफ हा नेटवर्कवरचा ‘सर्वांसाठी’ असा पत्ता असल्यामुळे नेटवर्क चालत नाही. होस्टआयडी, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, शून्य किंवा भलताच होतो, त्याला बांधलेले परवान्याचे सॉफ्टवेअर रुसते. घड्याळ पुढे सरकत नाही, त्यामुळे मेक म्हणते की फाइल भविष्यकाळातली आहे. यंत्र काही वेळा डिस्क सोडून नेटवर्कवरून बूट करायला धावते. ही सगळी लक्षणे वेगवेगळी नोंदवली तर इथरनेट ड्रायव्हर, परवाना, फाइल सिस्टिम आणि बूटलोडर असे चार संशयित उभे राहतात. कारण मात्र एकच, वाटाण्याएवढ्या जागेत बंद केलेली एक बॅटरी.

यावरचा इलाजही पाहण्यासारखा आहे. नवी चिप मिळाली तर उत्तम. पण वर्षानुवर्षे गोदामात पडलेल्या ‘नव्या’ चिपची बॅटरीही तेवढीच म्हातारी असते हे विसरू नये. हात बसलेले लोक चिपची टोपी बारीक करवतीने किंवा कानसेने कोपऱ्यातून खरवडतात, बॅटरीची दोन टोके उघडी करतात, जुनी बॅटरी तोडतात आणि बाहेरून सीआर२०३२ चे तीन व्होल्टचे सेल सोल्डर करतात. जुनी बॅटरी तोडलीच पाहिजे, नाहीतर ती नवीला पिऊन टाकते. मग स्टॉप आणि ए दाबून सनच्या ओपनबूट या फर्मवेअरच्या ‘ओके’ प्रॉम्प्टवर उतरायचे आणि फोर्थ भाषेतल्या एमकेपी या शब्दाने एकेक बाइट भरायची: पहिली १, दुसरी यंत्राचा प्रकार, पुढच्या सहा इथरनेटच्या पत्त्याच्या, सनच्या यंत्रात ०८:००:२० ने सुरू होणाऱ्या, मग चार तारखेच्या, तीन होस्टआयडीच्या, आणि सोळावी आधीच्या पंधरांचा एक्सॉर. एक्सॉर चुकला की सगळे पुन्हा अवैध. बिघाड केवळ रसायनाचा, पण त्याची लक्षणे पूर्णपणे सॉफ्टवेअरची. जुन्या यंत्रांपुढे आपण का गोंधळतो ते या एका उदाहरणात दिसते.

कपॅसिटरांची गोष्ट याच जातीची, फक्त तिच्यात एक निश्चित जागा दाखवता येत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव वाळतो किंवा गळतो, अंतर्गत रोध वाढतो, आणि विजेतल्या लहरी गाळण्याची ताकद कमी होते. इथे मल्टीमीटर फसवतो. तो सरासरी दाखवतो, पाच व्होल्टच्या तारेवर ५.०२ दिसते आणि माणूस पॉवर सप्लायला निर्दोष सोडतो. डिस्क फिरू लागताना त्याच तारेवर क्षणभर पडणारा खड्डा ऑसिलोस्कोपशिवाय दिसत नाही. थंड यंत्र दोन-तीन प्रयत्नांनी सुरू होते आणि गरम झाले की बरे चालते, हे थकलेल्या कपॅसिटरचे लक्षण, कारण थंडीत त्यांचा रोध आणखी वाढतो. उलट, थंड असताना ठणठणीत आणि वीस मिनिटांनी कोसळणारे यंत्र उष्णतेकडे बोट दाखवते: वाळलेली थर्मल पेस्ट, अडलेला पंखा, धुळीने बुजलेली जाळी. मेमरीच्या पट्ट्यांवर कथिलाचा आणि सॉकेटमध्ये सोन्याचा मुलामा असेल तर त्यांच्या घर्षणातून हळूहळू गंज धरतो. आपल्याकडे मुंबई-गोव्याच्या दमट, खारट हवेत तो लवकर धरणार हे उघड आहे. पट्टी काढून पुन्हा बसवली की यंत्र सुधारते आणि आपण समजतो पट्टी सैल होती. दोन महिन्यांनी तेच. एससीएसआय केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नसेल तर डिस्क दिवसभर चालते आणि भार वाढला की टाइमआउट देते. ड्रायव्हरला शिव्या बसतात.

आता ठाम दोषांकडे. नोव्हेंबर १९९७ मध्ये इंटेलच्या मूळ पेंटियममधला एक दोष उघड झाला. एफ०, ०एफ, सी७, सी८ हे चार बाइट कुठल्याही सामान्य वापरकर्त्याच्या प्रोग्रॅममधून चालवले की प्रोसेसर जागच्या जागी गोठतो. पॅनिकही नाही, कारण पॅनिक करायला कर्नलच जिवंत नसते. तेच चार बाइट, तेच गोठणे, जगातल्या तशा प्रत्येक पेंटियमवर. इतका ठाम दोष असल्यामुळेच त्यावर ठाम तोडगा निघाला. इंटरप्टांच्या तक्त्यातल्या पहिल्या काही नोंदी कर्नलने मुद्दाम अशा पानावर ठेवल्या की प्रोसेसर तिथे गेला की पेज फॉल्टमध्ये पडावा आणि सूत्रे पुन्हा कर्नलच्या हाती यावीत. सीएमडी६४० या आयडीई कंट्रोलरची कथाही त्याच काळातली. दोन्ही चॅनलवर एकाच वेळी काम सुरू झाले की डिस्कवरचा डेटा खराब व्हायचा. लिनक्सने त्या चिपसाठी वेगळा पर्याय ठेवला आणि दोन्ही चॅनल आलटून पालटून चालवले. सनओएस ४ मध्ये एससीएसआयच्या ३ क्रमांकावरची डिस्क एसडी० म्हणवते आणि ० क्रमांकावरची एसडी३. हा बिघाड नव्हे, घरातली जुनी खोड. पण ती ठाऊक नसलेला माणूस चुकीच्या डिस्कवर फॉरमॅट मारून बसू शकतो. लिनक्सच्या सोर्समध्ये पीसीआयच्या अशा खोडींची एक फाइलच आहे आणि तिचे नावही ‘क्वर्क्स’ असेच आहे.

इथे नियमाला खरा धक्का देणारी उदाहरणे येतात, आणि कुणीही चाणाक्ष वाचक ती पुढे करील. सिलिकॉन ग्राफिक्सच्या इंडिगो२ आणि ओटू या यंत्रांत आर१०००० हा प्रोसेसर बसवला गेला. तो पुढचे अंदाजाने आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर निकाल टाकून देतो, पण त्या नादात कॅशेमधली एखादी ओळ ‘बदललेली’ म्हणून खुणावलेली राहू शकते. मधल्या काळात डिस्कने डीएमएने त्याच जागी ताजा डेटा लिहिला असेल, तर कॅशेमधली शिळी ओळ नंतर त्याच्यावर उतरते. परिणाम असा की वाचलेल्या फाइलमध्ये कुठेतरी काही बाइट भलतेच. जागा दर वेळी वेगळी, भारावर अवलंबून. रॅम खराब असल्याचे हुबेहूब सोंग. प्रत्यक्षात रॅम ठीक, प्रोसेसरही ठीक. हाच प्रोसेसर ऑक्टेन आणि ओरिजिनमध्ये बिनतक्रार चालतो, कारण तिथे कॅशे आणि डीएमए यांचा मेळ हार्डवेअरच राखते. दोष दोन भागांच्या सांध्यात आहे. उपाय कंपायलरमध्ये निघाला. जीसीसीच्या ४.४ आवृत्तीत आर१०००० साठी कॅशे-बॅरियरचा खास पर्याय आला, म्हणजे कर्नल तसे कंपाइल केले नाही तर ते त्या यंत्रावर खराबच चालणार. एएमडीच्या सुरुवातीच्या के६ प्रोसेसरांतही असाच जन्मजात पण फिरता दिसणारा दोष होता. ३२ मेगाबाइटपेक्षा जास्त मेमरी लावून लिनक्सवर कंपाइल करू लागले की सिग्नल ११ यायचे. रॅम बदलून बदलून लोक थकले, शेवटी एएमडीने प्रोसेसर बदलून दिले.

तिसरे उदाहरण सर्वात मोठे. २००० च्या सुमारास सनच्या अल्ट्रास्पार्क-२ वर चालणारे महागडे सर्व्हर ई-कॅशेमधल्या पॅरिटीच्या चुकीने कोसळू लागले. त्या कॅशेला चूक ओळखता यायची, दुरुस्त करता येत नव्हती. बिट उलटला हे कळले की कर्नलपुढे पॅनिकशिवाय मार्ग नव्हता. सनने पुढे कॅशेच्या दोन प्रती ठेवणारी मॉड्यूल काढली. हा प्रोसेसर आपल्याला परका नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ साली उभा केलेला परम १०००० याच अल्ट्रास्पार्क-२ वर, सनच्या एंटरप्राइझ २५० सर्व्हरांच्या जोडणीतून बांधला होता. या तीन उदाहरणांनी नियम मोडतो का? मला वाटते तो अधिक बारीक होतो. फिरता दोष दिसला की यंत्र म्हातारे झाले असे गृहीत धरावे, पण एक उलटतपासणी करावी: तेच मॉडेल, तोच प्रोसेसर असलेल्या दुसऱ्या यंत्रावर तसेच घडते का? म्हातारपण प्रत्येक यंत्राचे वेगळे असते. जन्मजात दोष सगळ्या भावंडांना सारखा. के६ असो वा आर१००००, ‘माझ्याकडेही तसेच’ म्हणणारे अनेक जण निघाले तेव्हाच संशय रॅमवरून उठला.

दुसरा आक्षेप नेहमीचा, वैश्विक किरणांचा आणि किरणोत्सारी कणांचा. तो हास्यास्पद नाही. इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की चिपच्या वेष्टणातल्या युरेनियम-थोरियमच्या लेशमात्र अंशांतून निघणारे अल्फा कण डीरॅममधले बिट उलटवतात. तरी किरणांना वेळापत्रक नसते. जे यंत्र कंपाइल सुरू झाल्यावर चाळिसाव्या मिनिटालाच कोसळते, किंवा टेबल पंखा लावला की कोसळत नाही, त्याला आकाशातले कारण शोधण्याची गरज नाही.

तिसऱ्या आक्षेपात जास्त दम आहे. एवढा खटाटोप कशाला, मूळ कंपनीची प्रणाली चढवा, तिला यंत्राच्या सगळ्या खोडी ठाऊक होत्या! हे बरेचसे खरे आहे. सोलारिस ९ ला स्पार्कस्टेशन २० जेवढे ठाऊक होते तेवढे पुढच्या कुणाला नव्हते. पण सोलारिस १० ने ३२ बिटची स्पार्क यंत्रे सोडली, जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन ताब्यात घेतल्यावर पॅचेस सपोर्टच्या कराराआड गेले, आणि आयरिक्स बनवणारी सिलिकॉन ग्राफिक्स २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. मूळ प्रणाली यंत्राला ओळखते. आजच्या नेटवर्कला, आजच्या सर्टिफिकेटांना, आजच्या हल्ल्यांना ओळखत नाही. तिला बाहेरच्या जगाशी जोडू नये. म्हणून आजचे कर्नल हवे असते, आणि तिथे एक नवाच प्रकार समोर येतो: विसरलेला दोष. लिनक्सने ३.८ मध्ये ३८६ सोडले, २०२४ च्या ६.१० मध्ये जुने अल्फा सोडले. त्या अल्फांना एकटा बाइट लिहिण्याची सूचनाच नव्हती, शेजारचे बाइट उचलून सगळे पुन्हा लिहावे लागत. ओपनबीएसडीने ५.९ नंतर ३२ बिट स्पार्क आणि व्हॅक्स बंद केले. आधार अधिकृतपणे काढला की निदान कळते तरी. त्याहून वाईट म्हणजे कोड झाडाला लटकत राहतो, कंपाइल होतो, पण खऱ्या यंत्रावर वर्षानुवर्षे कुणी चालवत नाही. अशा वेळी नव्या आवृत्तीवर यंत्र ठाम जागी कोसळते आणि जुन्या आवृत्तीवर सुरळीत चालते. हा एकच प्रकार असा की ज्यात आवृत्ती मागे नेणे हा पहिला उपाय असावा. ओपनबीएसडी आपले पोर्ट खऱ्या यंत्रावरच बांधते, क्रॉस-कंपाइल करत नाही, ही शिस्त मला म्हणूनच हेकटपणाची वाटत नाही.

मग एम्युलेटर का नको? क्यूएमूमध्ये स्पार्कस्टेशन ५ आहे, सिमएचमध्ये व्हॅक्स आहे, जुने सॉफ्टवेअर चालवायचे एवढाच हेतू असेल तर खरोखर तेच वापरावे. कपॅसिटर बदलत बसण्यात पुण्य नाही. पण एम्युलेटरचा मोठा उपयोग साक्षीदार म्हणून आहे. तेच कर्नल, तीच डिस्क प्रतिमा एम्युलेटरमध्ये त्याच जागी कोसळली तर लोखंड निर्दोष सुटले. तिथे महिनाभर चालली आणि टेबलावरच्या यंत्रात तासभर टिकली नाही, तर कर्नलला सोडा आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या. एम्युलेटरला ना बॅटरी संपायची असते ना कॅशेचा सांधा निखळायचा, त्यामुळे आर१०००० सारख्या दोषांबद्दल तो काहीच बोलणार नाही, एवढी मर्यादा ध्यानात ठेवावी.

माझा क्रम असा: आधी वीज, मग बॅटरी, मग सांधे आणि केबली, मग उष्णता, मग मेमरी, सर्वांत शेवटी कर्नल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर त्याच दहा कंपाइलांची परीक्षा घ्यावी. आणि तुमच्याकडे एखादे सन असेल, अजून चालत असेल, तर आज एवढे करा: चालू करताना दिसणाऱ्या बॅनरवरचा इथरनेटचा पत्ता आणि होस्टआयडी एका कागदावर लिहा आणि तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. बॅटरी संपल्यावर ते आकडे यंत्राला विचारता येत नाहीत.